कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी

ओशावाच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात 1966 साली तयार झालेली बोमाँट ही खास कॅनडाची गाडी. अमेरिकेत ती विकली गेली नाही, म्हणून जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये तिच्याविषयी वेगळाच जिव्हाळा आहे. पण तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि त्या चारही ब्रेकना तेल पोचवणारा मार्ग एकच. कुठेही गळती झाली की सगळे ब्रेक एकदम जातात. स्टिअरिंगचा दांडा ताठ. समोरून जोराची धडक बसली तर तो चालकाच्या छातीवर येतो. अशी गाडी घेऊन टोरांटोच्या 401 महामार्गावर उतरायचे म्हणजे ताशी 100 किलोमीटरने धावणाऱ्या आजच्या गाड्यांच्या मध्ये उतरायचे. त्यामुळे शहाणा मालक पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवतो, दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर घालतो, खांद्यावरून येणारा सीटबेल्ट लावून घेतो. आणि नेमका हाच मालक कायद्याच्या संदिग्ध पट्ट्यात जाऊन उभा राहतो.

ओंटारिओत ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणून खास नंबरप्लेट मिळवायची तर गाडी किमान 30 वर्षे जुनी हवी आणि कारखान्यातून निघाल्यानंतर तिच्यात लक्षणीय बदल झालेला नसावा. तिचा वापरही प्रदर्शन, परेड, क्लबची सहल, दुरुस्ती, चाचणी अशा कामांपुरताच. ‘लक्षणीय’ म्हणजे किती? जीव वाचवणारा ब्रेक आणि दुप्पट ताकदीचे इंजिन यांत ही व्याख्या काही फरक करत नाही. बदल उघड केला तर खास नंबरप्लेटवरचा हक्क डळमळतो आणि दडवला तर खोटेपणा पदरी येतो. प्रामाणिक माणसाला असा पेच घालणारी व्याख्या दुरुस्त झालीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साधी नंबरप्लेट घेतली की पेच सुटतो, पण मग उलटे टोक दिसते. ओंटारिओत खासगी मोटारीची ठरावीक काळाने होणारी सुरक्षा तपासणी नाही. जुनी गाडी विकली गेली की नव्या मालकाच्या नावावर चढण्याआधी सुरक्षा प्रमाणपत्र लागते. त्याची मुदत 36 दिवस. एकाच मालकाकडे वीस वर्षे राहिलेल्या गाडीत इंजिन बदलले, सस्पेन्शन बदलले, चासी कापून जोडली, तरी कोणी अधिकृत माणूस तिच्याखाली डोकावेलच असे नाही. म्हणजे जो बदल लपवत नाही तो अडतो आणि ज्याला कोणी विचारतच नाही तो निर्धास्त फिरतो.

काही गोष्टी मात्र कायद्याने नि:संदिग्ध ठरवल्या आहेत, आणि त्यांचे आम्ही समर्थन करतो. प्रांताच्या महामार्ग वाहतूक कायद्याचे 75 वे कलम चालू स्थितीतला सायलेन्सर सक्तीचा करते. आतून पोकळ केलेला सायलेन्सर, सरळ नळी, बायपास यांना त्यात जागा नाही. इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडणारी जोडणी ठेवून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. 2021 च्या कायद्याने स्टंटबाजीसाठी जागच्या जागी 30 दिवस परवाना निलंबन आणि 14 दिवस गाडी जप्ती आणली. मध्यरात्री वस्तीतून फटाके वाजवत जाणाऱ्या गाडीमुळे आजारी माणसाची झोप मोडते, तान्ही मुले दचकून उठतात. त्याला छंद म्हणता येत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र पोलिसांच्या दंडात नाही, विम्याच्या कागदात आहे. ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडच्या मराठी घरांनी हा परिच्छेद नीट वाचावा. पॉलिसी बहुतेक वेळा वडिलांच्या नावावर असते आणि गॅरेजमध्ये गाडीवर काम करतो मुलगा. ओंटारिओच्या विमा करारात जोखमीत महत्त्वाचा बदल झाला तर तो कंपनीला तत्परतेने कळवण्याची अट आहे. टर्बो बसवला, इंजिन बदलले, गाडी खाली बसवली आणि कळवले नाही, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीचा दावा अडकू शकतो. जखमी झालेल्या त्रयस्थाला कंपनी प्रांताच्या किमान मर्यादेपर्यंत, म्हणजे 2 लाख डॉलरपर्यंत पैसे देईल. पण कराराचा भंग ठरला तर तीच रक्कम ती मालकाकडून वसूल करू शकते. कॅनडात गंभीर दुखापतीचा दावा या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो, आणि तिथून पुढचा बोजा घरावर येतो. मुलाने शनिवारी बसवलेल्या एका भागापायी वडिलांचे आयुष्यभराचे घर पणाला लागते, याची दोघांनाही कल्पना नसते. कळवायला एक पत्र पुरते. हप्ता वाढेल, वाढू द्यावा.

चासी नंबरचेही तसेच. एका गाडीचे गंजलेले अंग टाकून दुसरीचे घालणे हा जुन्या गाड्यांच्या कामात नित्याचा प्रकार. पण गाडीचा ओळख क्रमांक कायदेशीर कारणाशिवाय बदलणे किंवा पुसणे हा 2011 पासून कॅनडाच्या फौजदारी संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. वैध दुरुस्ती आणि फेरफार यांना तिथे सूट आहे. मात्र ते काम वैध होते हे दाखवायला पावत्या आणि फोटो जवळ हवेत. गाड्यांच्या चोऱ्यांवर संघराज्य सरकारला फेब्रुवारी 2024 मध्ये ओटावात राष्ट्रीय परिषद घ्यावी लागली, अशा काळात नंबर जुळत नसलेल्या गाडीकडे पोलीस संशयानेच पाहणार.

त्यात प्रांताप्रांतांचे वेगळेपण. संघराज्याचा नियम 15 वर्षांवरील गाडी परदेशातून आणू देतो. त्यामुळे निसानची स्कायलाइन अमेरिकेच्या दहा वर्षे आधी कॅनडाच्या रस्त्यांवर आली. पण उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी 25 वर्षांची झाल्याशिवाय क्युबेक तिची नोंदणी करत नाही. ओंटारिओतल्या ओटावातून नदीपलीकडे क्युबेकमधल्या गातिनोला बिऱ्हाड हलवले, तर कालपर्यंत कायदेशीर असलेल्या गाडीला नवा नंबर मिळत नाही.

आपल्याकडे भारतात याच प्रश्नाला कठोर उत्तर दिले गेले. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निकाल दिला, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठरवला. 2021 च्या विंटेज नियमांत 50 वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिका मिळाली, तीही मूळ रूप राखले तरच. आरसी बुकात जी गाडी, तीच रस्त्यावर दिसली पाहिजे, हे त्यातले तत्त्व आम्हांला पटते. पण मुंबई-पुण्याच्या जुन्या फियाटला चांगला ब्रेक बसवणाऱ्याला सन्मानाची वाट तिथेही नाही.

जर्मनीने ही वाट 1997 मध्येच काढली. 30 वर्षांच्या गाडीला तिथे ‘एच’ नंबरप्लेट मिळते. तज्ज्ञ गाडी तपासतो, त्या काळाला साजेसे फेरफार मान्य करतो आणि ते कागदावर नोंदवतो. ओंटारिओने तेच करावे. ब्रेक, सीटबेल्ट, दिवे, टायर यांतील सुरक्षेचे बदल ‘लक्षणीय बदला’च्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळावेत. इंजिन, चासी, सस्पेन्शन बदलले तर गाडी विकण्याची वाट न पाहता परवानाधारक तपासनिसाचा दाखला घ्यायला लावावा आणि तो नोंदणीला जोडावा, म्हणजे विमा कंपनी आणि पोलीस यांच्यासमोर एकच कागद राहील. ‘ऐतिहासिक’च्या जोडीला ‘सुधारित ऐतिहासिक’ असा दुसरा वर्ग काढायला प्रांताच्या परिवहन मंत्रालयाला फार मोठा खटाटोप करावा लागणार नाही; नियमावलीतली एक व्याख्या बदलावी लागेल. जुन्या गाड्यांच्या क्लबांनी ही मागणी येत्या हिवाळ्यात, गाड्या गॅरेजात असताना, आपापल्या आमदारांकडे लेखी न्यावी.