आईचे गोंदण

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भातकुलीजवळच्या एका खेड्यातून दरमहा रक्तदाब तपासायला येणाऱ्या ६८ वर्षांच्या एक काकू तपासणी आटोपल्यावरही खुर्चीवरून उठेनात. सून औषधे घ्यायला बाहेर गेल्याचे पाहून त्यांनी हलकेच विचारले, "डॉक्टरसाहेब, ह्या वयात हातावर गोंदून घेतलं तं जमते का?"

मी तात्काळ 'नको' म्हणालो. मधुमेह, त्यात हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी. कारणे माझ्या जिभेवरच होती. काकूंनी वाद घातला नाही. पदर सावरून त्या निघाल्या तेव्हा मला उमगले, की त्यांना हे का हवे आहे हे मी विचारलेच नव्हते. मी त्यांना पुन्हा बसवून घेतले.

त्यांच्या आईच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन आणि त्याखाली पाच ठिपके होते. ऋणमोचनच्या पौषातल्या यात्रेत लहानपणी गोंदलेले. काकूंच्या वेळी मात्र वडिलांनी 'शाळेत जाणाऱ्या पोरीला हे खेडवळपण कशाला' म्हणून नकार दिला, आणि सुईला भिणारी ती मुलगी मनातून सुखावली. आई गेली. तिचा एकही फोटो घरात नाही. अंगावरचे गोंदण माणसाबरोबर जाते असे आपल्याकडे म्हणतात, तेही गेले. काकूंनी वहीच्या पानावर आठवणीने काढलेले ते वृंदावन मला दाखवले. घडी पडून पडून कागद फाटायला आला होता.

नातवाच्या दंडावर इंग्रजी अक्षरे चालतात आणि आजीच्या हातावर तुळस म्हटली की घर हसते, हे मला न्याय्य वाटत नाही. परंतु वैद्यकीय प्रश्न खरेच होते. त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा ९.२ होता. एवढ्या साखरेत जखम लवकर भरत नाही व पू होण्याची भीती असते. मी म्हटले, "आधी साखर खाली आणा, मग पाहू." वर्षानुवर्षे माझ्या उपदेशाला न बधलेल्या काकूंनी चहातली साखर सोडली, सकाळचे चालणे धरले आणि तीन महिन्यांनी ७.३ चा अहवाल टेबलावर ठेवला. मला शब्द पाळणे भाग होते.

गोंदण टिकते कसे, हे सांगायला हवे. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. रंग त्याच्या खालच्या थरात जातो. तिथल्या संरक्षक पेशी तो गिळून धरून ठेवतात आणि त्या मेल्या की नव्या पेशी तोच रंग उचलतात. पूर्वीच्या बायकांचे गोंदण दिव्याच्या काजळीचे असे. काजळी काळी, पण त्वचेखालून ती निळसर-हिरवी दिसते.

जुन्या पद्धतीतला धोका सुईचा होता. यात्रेत एकाच सुयांनी अनेकींचे हात गोंदले जात आणि त्यातून कावीळ 'ब' व 'सी' पसरू शकते. आपल्या घरातील आजींनी असे गोंदले असेल, तर या दोन्हींची रक्ततपासणी एकदा करून घ्यावी. आज करायचे असल्यास सीलबंद सुई आपल्यासमोर उघडली पाहिजे आणि शाई नव्या वाटीत ओतली पाहिजे. वृद्धांची त्वचा पातळ असते, म्हणून आकृती लहान ठेवावी. कोपराच्या खोबणीत, जिथून रक्त काढतात, तिथे गोंदू नये. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नये. गोंदण राहिले तरी चालेल. काकूंच्या बाबतीत त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच, गोळी चालू ठेवून, पुढे गेलो. जखमेवर हळद-तेल लावण्याचा मोह टाळावा. लाली वाढली, पू दिसला वा ताप आला, तर दवाखाना गाठावा. आणि घरातील तरुणांनो, गोंदल्यानंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

अमरावतीला त्यांना घेऊन गेली ती सूनच. आधी हसली होती, पण तो फाटका कागद पाहिल्यावर तिने हसणे थांबवले. अर्धा तास तिने सासूबाईंचा दुसरा हात धरून ठेवला होता म्हणे. थोडे जास्त रक्त आले, दोन दिवस हात दुखला, तीन आठवड्यांत खपली गळाली. पाचवा ठिपका किंचित बाजूला सरकला आहे. "आईचाही असाच होता," असे काकू म्हणतात. खरे-खोटे तपासायला आता कोणी नाही.

रक्तदाब मोजताना त्या हल्ली डावाच हात पुढे करतात. परवा मी सवयीने उजव्या दंडाला पट्टा बांधू लागलो, तर त्यांनी हात मागे घेतला. "त्या हातावर काय हाये पाहाले?"