सीए होण्याची भाषा

सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही. ही परीक्षा घेणाऱ्या, 1949च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने 2024पासून फाउंडेशन ही पहिल्या टप्प्याची परीक्षा वर्षातून तीनदा घ्यायला सुरुवात केली, आर्टिकलशिप म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही तीन वर्षांवरून दोनवर आणली. बरेच झाले! पण तेलंगणाच्या सीमेवरच्या झरी जामणीत घरी कोलामी ही आदिवासी भाषा आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलीला ताळेबंद कळूनही प्रश्नाच्या वाक्यापाशीच अडावे लागते. फाउंडेशनच्या प्रत्येक विषयात 40 आणि एकूण 50 टक्के मिळवायचे, वस्तुनिष्ठ उत्तर चुकले की गुणही कापले जाणार. बारावीचे वाणिज्य मराठीतून शिकवणाऱ्या राज्य सरकारने निदान फाउंडेशनची प्रश्नपत्रिका मराठीत मागावी. आर्टिकलशिपसाठी नागपूर गाठणाऱ्या आदिवासी मुलांच्या वसतिगृहाचे काय, हेही सांगावे.