आटगावपर्यंतचे विद्यापीठ

मुंबई विद्यापीठ पूर्वी ज्ञानावर खर्च करी, आता परीक्षा आणि इमारतींवर करते, हा आक्षेप कसारा लोकलमध्येही ऐकू येतो. तळमळ खरी आहे, इतिहास मात्र उलटा आहे.

18 जुलै 1857 रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या. परीक्षेचा खर्च ही आजची विकृती नव्हे, त्यासाठीच ते जन्मले. आणि ते दगडी वैभव? ते देणगीचे. ग्रंथालयासाठी दोन लाख आणि राजाबाई टॉवरसाठी आणखी दोन लाख रुपये प्रेमचंद रायचंद यांनी दिले. टॉवर 1878 मध्ये पुरा झाला.

ज्ञानावरचा खर्च नंतर आला, तोही आपसूक नाही. 1904 च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी केली, आणि 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाती समाजशास्त्र विभाग सुरू झाला. पुढे तो विभाग ज्यांनी घडवला त्या गो. स. घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरचा ग्रंथ 1957 मध्ये आला. महादेव कोळी आमच्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरातही राहतात. विद्यापीठाने विभागावर पैसा घातला म्हणून आमची माणसे अभ्यासाचा विषय झाली. आता त्यांची मुले त्या विभागात अभ्यासक म्हणून बसायला हवीत, आणि त्यासाठी विद्यापीठाने गावाकडेही खर्च करायला हवा.

यावर उत्तर येते: आता सगळे ऑनलाइन आहे, गावाकडे वेगळा खर्च कशाला? 2017 आठवा. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. निकाल महिनोन्महिने रखडले, अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. संगणकावर पैसा गेला, तपासणाऱ्यांच्या पूर्वतयारीवर पुरेसा गेला नाही. माणसांवरचा खर्च वाचवून यंत्र चालत नाही.

ठाण्याला, कल्याणला उपकेंद्रे झाली, हे योग्यच झाले. पण कल्याणच्या पुढेही रेल्वे जाते. शहापूर तालुक्यातल्या आटगावहून कुर्ला, तिथून विद्यापीठाचे कालिना संकुल: एका बाजूने सुमारे दोन तास. परीक्षा शुल्क आमची मुलेही भरतात. म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे. शहापुरात रात्रीपर्यंत उघडी राहणारी, पुस्तकांनी भरलेली विद्यापीठाची अभ्यासिका. आणि कालिन्याच्या वसतिगृहात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुलामुलींसाठी राखीव खाटा. येत्या अर्थसंकल्पात या दोन्हींसाठी स्वतंत्र तरतूद हवी, रकमेसकट.