चौदाव्या वर्षीं घर सोडलेला खेळाडू

हॉकी म्हटली कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद उभे राहतात, आणि तें योग्यच आहे. कॅनडांत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा. तेथें हॉकी खेळतात ती गोठलेल्या पाण्यावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून. चेंडूच्या जागीं कडक रबराची चपटी चकती, एका बाजूस एका वेळीं सहा गडी, आणि धक्काबुक्की ही बव्हंशीं खेळाचाच भाग. या खेळांत नांव काढणारे पुष्कळ झाले. तथापि वेन ग्रेट्झ्की या गड्याच्या पूर्वायुष्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, तें त्याच्या पराक्रमासाठीं तितकें नव्हे, जितकें त्यांत गुंतलेल्या एका घरगुती प्रश्नासाठीं. मुलाच्या अंगीं विलक्षण गुण दिसूं लागला तर आईबापांनीं त्याला कोठवर पुढें जाऊं द्यावें?

वेनचा जन्म २६ जानेवारी १९६१ चा, ऑन्टारिओ प्रांतांतील ब्रँटफर्ड या गांवीं. पांच भावंडांत हा थोरला. वडील वॉल्टर हे टेलिफोन कंपनींत दुरुस्तीचें काम करणारे, बेताच्या मिळकतीचे गृहस्थ. हिंवाळा आला कीं ते घरामागील अंगणांत रात्रीं पाणी शिंपडून ठेवीत. तें गोठलें कीं मुलाचें क्रीडांगण तयार! यामागें कांहीं मोठा संकल्प होता असें त्यांनीं कधीं भासविलें नाहीं. सार्वजनिक मैदानावर कुडकुडत उभें राहण्यापेक्षां घरांत बसून मुलावर लक्ष ठेवणें बरें, एवढाच त्यांचा हिशेब. पण शिकवणी मात्र कसून चाले. रिकामे डबे मांडून त्यांच्यामधून चकती वळवीत न्यावयाची, आडव्या टाकलेल्या काठ्यांवरून उडी मारावयाची, आणि मुख्य म्हणजे चकती आहे तेथें न धांवतां ती जेथें जाणार तेथें आधींच पोंचावयाचें. अंगानें किरकोळ असलेल्या या मुलाला पुढें जी कीर्ति मिळाली तिचें मूळ या शेवटच्या धड्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

सहाव्या वर्षीं तो दहा वर्षांच्या मुलांच्या संघांत घेतला गेला. अंगरखा इतका मोठा कीं काठी त्यांत अडके. म्हणून वडिलांनीं एका बाजूनें तो विजारींत खोंचून दिला, आणि ती खोंचण्याची संवय मुलानें जन्मभर सोडली नाहीं. त्या सबंध हंगामांत त्याचा गोल झाला एक. चार वर्षांनीं, १९७१-७२ च्या हंगामांत, त्याच मुलानें ८५ सामन्यांत ३७८ गोल केले!

येथून पुढें गोष्ट कडवट होते. दहा वर्षांच्या मुलाचें नांव देशभर वर्तमानपत्रांतून झळकूं लागलें, आणि गांवांतील इतर पालकांना तें सोसेना. आपल्या मुलाच्या वांट्याला चकती येत नाहीं, सारें श्रेय हा एकटाच लाटतो, अशी कुजबुज सुरू झाली; पुढें पुढें तर चांगले प्रौढ स्त्रीपुरुष प्रेक्षकांत बसून त्या पोराची हुर्यो करूं लागले. मुलांच्या खेळांतील मत्सर बहुधा मुलांचा नसतोच, तो आईबापांचा असतो. आणि ही गोष्ट एकट्या ब्रँटफर्डची आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

अखेर १९७५ सालीं, चौदा वर्षांचा असतांना, वेन घर सोडून टोरँटोस गेला. शाळा तेथली, राहणें दुसऱ्या एका कुटुंबांत. परगांवच्या संघांत खेळण्याच्या हक्कासाठीं आईबापांस कायद्याचें भांडणही भांडावें लागलें. विद्येसाठीं मुलगा परक्या घरीं ठेवणें आपल्या लोकांस नवें नाहीं. पण गांवानें नकोसें केलें म्हणून ठेवावें लागणें हें निराळें. वडिलांवर महत्त्वाकांक्षेचा आरोप त्या काळीं झाला. आमचें मत विचाराल तर अंगणांत कसून शिकविणारा बाप आम्हांस दोषी वाटत नाहीं. दोष असेल तर हुर्यो करणाऱ्यांचा.

सोळाव्या वर्षीं तो सू सेंट मेरी येथील तरुणांच्या संघांत गेला. आपला आदर्श गॉर्डी हाउ याचा ९ हा आंकडा त्याला पाठीवर हवा होता; तो दुसऱ्याकडे असल्यामुळें त्यानें ९९ घेतला. त्या हंगामांत त्यानें ७० गोल केले. स्वतःचा गोल आणि दुसऱ्याच्या गोलास दिलेलें साहाय्य, दोहोंस एकेक गुण देण्याची तेथें पद्धत आहे. त्या हिशेबानें त्याचे गुण १८२ झाले.

आतां पैसा आला. मुख्य लीग, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, त्या वेळीं वीस वर्षांखालील मुलास घेत नसे. परंतु १९७२ पासून चालू असलेल्या प्रतिस्पर्धी वर्ल्ड हॉकी असोसिएशनला तसला विधिनिषेध नव्हता. १९७८ सालीं इंडियानापोलिसच्या संघाचे मालक नेल्सन स्काल्बानिया यांनीं सतरा वर्षांच्या वेनशीं करार केला. विमानांत बसून त्या मुलानेंच तो आपल्या हातानें लिहून काढला. रक्कम सात वर्षांस साडेसतरा लाख डॉलर! पण ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं करार संघाशीं नव्हता, मालकाशीं होता. अवघे आठ सामने झाले आणि पैशांची ओढाताण होतांच मालकानें नोव्हेंबरांत त्याला दोन सोबत्यांसह एडमंटनचे पीटर पॉक्लिंग्टन यांस विकलें. विमान सुटलें तेव्हां कोणत्या गांवीं उतरावयाचें हें देखील त्या तिघांना ठाऊक नव्हतें, असें सांगतात. सतरा वर्षांचें पोर आणि असा सौदा! रक्कम मोठी असली म्हणून त्याचें स्वरूप बदलत नाहीं.

२६ जानेवारी १९७९ रोजीं, अठराव्या वाढदिवशीं, एडमंटनच्या मैदानाच्या मध्यभागीं, हजारों प्रेक्षकांदेखत त्यानें एकवीस वर्षांच्या करारावर सही केली. त्याच वर्षीं ती असोसिएशन मोडली व एडमंटन धरून तिचे चार संघ मुख्य लीगमध्यें आले.

हा पोर कृश, हळू. खऱ्या लीगमध्यें चिरडला जाईल, असें जाणत्यांचें भाकीत होतें. पहिल्याच हंगामांत त्यानें १३७ गुण मिळवून मार्सेल डिऑनची बरोबरी केली. डिऑनचे गोल ५३ व याचे ५१, म्हणून गुणांचा चषक डिऑनला गेला. सर्वांत मोलाच्या खेळाडूचें हार्ट पारितोषिक मात्र वेनला. नवोदिताचें पारितोषिक त्यास मिळालें नाहीं, कारण दुसऱ्या लीगमध्यें एक वर्ष खेळून तो नवोदित उरलाच नव्हता! पुढल्या वर्षीं १६४ गुण. मग ३० डिसेंबर १९८१ ची रात्र: फिलाडेल्फियाविरुद्ध पांच गोल करून त्यानें अवघ्या ३९ सामन्यांत पन्नासाचा आंकडा गांठला. पूर्वीचा उच्चांक ५० सामन्यांचा होता. हंगाम संपला तेव्हां ९२ गोल व २१२ गुण झाले होते, आणि वय होतें एकवीस.

मुलाच्या घरीं लक्ष्मी पाणी भरूं लागल्यावरही वॉल्टर आपल्या टेलिफोनच्या नोकरीवर जातच राहिले. मार्च २०२१ मध्यें, ८२ व्या वर्षीं ते वारले, तोंपर्यंत त्यांचें बिऱ्हाड ब्रँटफर्डच्या त्याच घरांत होतें.