जपानच्या वाटेवरचे कोकण

बौद्धिकांतून, व्याख्यानमालांतून आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांतून जपानचे उदाहरण ऐकत आमची पिढी वाढली. अणुबॉम्बच्या राखेतून उठलेला देश, घड्याळाला लाजवणारी आगगाडी, स्वभाषेतून उच्च शिक्षण, कारखान्याला घर मानणारा कामगार! राष्ट्रभक्ती शिकावी तर जपानकडून, हे वाक्य ज्याच्या कानावर पडले नाही असा कार्यकर्ता विरळा. त्या उदाहरणात खोटे काही नव्हते. मात्र वक्ते बहुधा १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपाशी थांबत. त्यापुढचा जपान आम्हांला कोणी सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

तो पुढचा जपान असा आहे. १९४९ साली त्या देशात सुमारे २७ लाख बालके जन्मली. २०२४ साली जन्मलेल्या बालकांची संख्या सात लाखांच्याही खाली गेली आणि त्याच वर्षी मृत्यू झाले सुमारे १६ लाख. एका स्त्रीमागे सरासरी १.१५ अपत्ये. दर दहा माणसांत जवळजवळ तीन पासष्टीच्या पुढचे. १५ वर्षांखालील मुलांपेक्षा घरोघरच्या कुत्र्यामांजरांची संख्या अधिक. बाजारपेठ समाजाची नाडी अचूक ओळखते. ओजी होल्डिंग्ज या बड्या कंपनीने २०२४ साली आपल्या देशापुरते तान्ह्या बाळांचे डायपर बनवणे थांबवले आणि वृद्धांच्या डायपरवर लक्ष केंद्रित केले. २०२३ च्या गणनेत तिथे सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. शिकोकू बेटावरील नागोरो या खेड्यातली शाळा २०१२ साली बंद पडली, आणि तिच्या वर्गात आता मुलांच्या जागी कापडी बाहुल्या बसवून ठेवल्या आहेत.

बाहुल्यांचे ते छायाचित्र पाहिले तेव्हा मला नागोरो आठवले नाही, आमची वाडी आठवली. ज्या मराठी शाळेत आम्ही ४० मुले पाटीवर धुळाक्षरे गिरवत होतो, तिथे गेल्या खेपेस गेलो तेव्हा पटावर चार नावे होती. त्यांतली दोन नेपाळी. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या कुटुंबाची ती लेकरे अस्खलित मराठीतून पाढे म्हणत होती. बाहुल्या बसवण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पण वाडीतल्या २२ घरांपैकी १५ घरांना कुलपे होती, हे त्यामुळे बदलत नाही.

हा एखाद्या हळव्या पत्रकाराचा स्मृतिविलाप नव्हे. जनगणना काय सांगते ते पाहा. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. शेजारच्या सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. दोन जिल्ह्यांनी मिळून दहा वर्षांत एक लाख माणसे गमावली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढत होती. २०२१ ची जनगणना महासाथीत बुडाली आणि पुढची २०२७ वर गेली. म्हणजे आमच्या जिल्ह्याचे नियोजन करणाऱ्यांच्या हाती १५ वर्षे तोच जुना कागद होता, आणि त्या कागदावर तरी त्यांनी काय केले?

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. ‘कोकणी माणूस पूर्वीपासून मुंबईला जातो, त्यात नवे ते काय?’ बरोबर आहे. गिरणगाव रत्नागिरीकरांनीच उभे केले. मनिऑर्डरवर चालणारा जिल्हा ही आमची जुनी ओळख. दरहजारी पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हा २०११ चा आकडा स्त्रीसन्मानाचा दाखला म्हणून व्यासपीठांवरून मिरवला जातो. त्यातला मोठा भाग वस्तुतः घराबाहेर गेलेल्या पुरुषांचा हिशेब आहे, हे सांगायला कोणी धजत नाही. परंतु गिरणीतला चाकरमानी बायकोमुले गावी ठेवून जात असे. त्याचे शरीर मुंबईला होते, घर गावात होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझल्या आणि ती व्यवस्थाही विझली. आजचा तरुण जातो तो बिऱ्हाड घेऊन जातो. त्याची मुले कोकणात जन्मत नाहीत, आणि मुंबई-पुण्यातही ती एकाच्या वर क्वचितच जन्मतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आला. पिढी टिकवायला २.१ लागतो.

जपानचेही नेमके असेच झाले. आधी खेड्यातली तरुण मुले टोकियो-ओसाकाला गेली, आणि मग टोकियोत त्यांना मुलेच झाली नाहीत. २०२३ साली टोकियोचा जननदर एकाच्याही खाली होता. गाव शहराला माणसे पुरवते आणि शहर ती परत करत नाही. ऑगस्टमध्ये ओबोनच्या दिवसांत पितरांच्या स्मरणासाठी अवघा जपान गावी जातो, गाड्या ओसंडून वाहतात, आणि आठवड्याने गाव पुन्हा ओसाड होते. गणपतीतल्या कोकण रेल्वेच्या आरक्षणासाठी पहाटे रांगेत उभ्या राहिलेल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

इथे आपल्याच मंडळींशी थोडे भांडण आहे. कुटुंबे लहान झाली, म्हातारे एकटे पडले, की आपण एका वाक्यात निकाल देऊन मोकळे होतो: पाश्चात्त्य चंगळवाद! पण जपान पाश्चात्त्य कधी झाला? त्याने भाषा सोडली नाही, देवळे सोडली नाहीत, पितृपूजा सोडली नाही, सिंहासन सोडले नाही. विवाहाबाहेर संतती होण्याचे प्रमाण तिथे दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या संस्कारवर्गालाही नाव ठेवायला जागा नाही. एवढे सारे सांभाळूनही तिथला पाळणा थांबला. सण साजरे झाले, वेशभूषा स्पर्धा झाल्या, संस्कृती टिकली, असे मानून निर्धास्त झोपणाऱ्यांनी या एका गोष्टीचा नीट विचार करावा.

पाळणा का थांबला? तिथे लग्नेच होईनाशी झाली. २०२० च्या गणनेनुसार पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेल्या जपानी पुरुषांचे प्रमाण २८ टक्के होते, स्त्रियांचे १८ टक्के. नवरा रात्री दहाला घरी येणार. सासू-सासरे, मूल आणि स्वयंपाक हे तिघे सुनेच्या वाट्याला. आणि बाळंतपणानंतर नोकरीत तिची जागा गेलेली. शिकलेल्या मुलीने हा सौदा नाकारला, एवढेच. मग बाजार तिच्या सेवेला धावला: एकटीसाठी उपाहारगृहातली मेजे, एकटीसाठी सहली, एकट्यापुरता भात शिजवणारी भांडी. चंगळवाद तिथे नंतर आला. आधी घराने तिची निराशा केली होती.

आता आपल्या तालुक्यात या. बागायत आहे, होडी आहे, दुकान आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, आणि पस्तिशी उलटली तरी लग्न नाही. कोणत्याही वधुवर मेळाव्यात उभे राहा. मुलीची पहिली अट ‘मुंबई-पुण्यात नोकरी’. मुलींना नावे ठेवणारे काका-मामा मला रोज भेटतात. त्यांना एकच विचारावेसे वाटते: तुमची स्वतःची लेक तुम्ही वाडीत दिलीत का? जिथे प्रसूतीसाठी जिल्ह्याच्या गावी धावावे लागते, जिथे शाळा कधी बंद होईल सांगता येत नाही, तिथे ती का येईल?

शासनाच्या शहाणपणाबद्दल काय बोलावे! जपानने युद्धानंतर १९४८ मध्ये कायदा करून गर्भपात सुलभ केला आणि जननदर दहा वर्षांत साडेचारांवरून दोनवर आणला. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. १९८९ चा दर १.५७ निघाला तेव्हा तोच देश हादरला. त्याचे कारणही ऐकण्यासारखे आहे. १९६६ हे वर्ष त्यांच्या पंचांगाप्रमाणे ‘अग्नि-अश्वा’चे. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते अशी समजूत. आपल्याकडच्या मंगळाच्या मुलीची ही जपानी बहीण! त्या भयाने एका वर्षात जन्म चतुर्थांशाने घटले होते आणि दर १.५८ वर आला होता. १९८९ साली कोणतीही अंधश्रद्धा नसताना दर त्याच्याही खाली गेला. तेव्हापासून १९९४ ची ‘एंजल’ योजना, भत्ते, पाळणाघरे, २०२३ पासून मुलांसाठी स्वतंत्र शासकीय यंत्रणा. पैसा ओतूनही आकडा वर येत नाही, कारण ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्या आई होणार नाहीत.

महाराष्ट्राने काय केले? सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीस अपात्र ठरवले, आणि २००५ साली शासकीय नोकरीसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम केले. त्याच २००५–०६ च्या सर्वेक्षणात राज्याचा जननदर २.१ वर आलेला होता! पूर ओसरल्यावर बांध घालावा तसे हे झाले. गंमत अशी की संततिनियमनाचे देशातले पहिले केंद्र १९२१ साली मुंबईत काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे आमच्याच दापोलीजवळच्या मुरूडच्या घराण्यातले. त्या काळात मातामृत्यू पाहून त्यांनी जे केले त्याला धैर्य लागत होते, आणि त्याबद्दल त्यांना झालेला छळ समाजाला शोभणारा नव्हता. पण त्यांच्या औषधाचा काळ आणि आजारही वेगळा होता. वैद्य गेल्यावर कंपाउंडरने तीच पुडी शंभर वर्षे द्यावी, तसा आमच्या खात्यांचा कारभार आहे.

दुसरीकडे, पट २० च्या आत असलेल्या सुमारे १५ हजार शाळा ‘समूह शाळां’त मिळवण्याची कल्पना शासनाने २०२३ साली पुढे आणली. खर्चाचे गणित समजते. पण डोंगरउतारावरच्या वाडीतली शाळा मिटते तेव्हा त्या वाडीत तरुण जोडपे राहण्याची उरलीसुरली शक्यता मिटते. शाळा ओस पडली म्हणून बंद करायची, आणि बंद झाली म्हणून वाडी ओस पडायची. या चक्राचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकणार?

आणि त्या कुलपांचे काय? कोकणातल्या सातबाऱ्यावर एकेका घरठाणाला वीस-वीस नावे. आजोबांच्या नावावरून वारस तपास झालेला नाही. एक चुलत भाऊ बोरिवलीला, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. घर दुरुस्त करायचे तर संमती कोणाची घ्यायची? कौले ढासळतात, वाळवी वाशे खाते, आणि गावात राहून ते घर सांभाळायला तयार असलेला एकुलता पुतण्या हात बांधून बघत बसतो. जपानमध्ये हाच रोग झाला. मालकाचा थांगपत्ता नसलेली तिथली जमीन २०१६ साली अख्ख्या क्यूशू बेटाहून अधिक भरली. शेवटी १ एप्रिल २०२४ पासून तिथे वारसा कळल्यापासून तीन वर्षांत नोंद करणे सक्तीचे झाले, आणि कुचकामी सोडलेल्या घरांची करसवलत काढता येईल असा कायदा तर २०१५ सालीच लागू झाला होता. आमच्याकडे मात्र महामार्गालगतच्या फलकांवर ‘सेकंड होम’ची जाहिरात झळकते. ज्या जिल्ह्यात पहिली घरे बंद आहेत, तिथे दुसऱ्या घरांचे भूखंड विकले जातात, आणि त्यांच्याही दारांना वर्षातले अकरा महिने कुलूप!

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांच्यात मनुष्यबळ देवाणघेवाणीचा आराखडा ठरला. पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीय जपानला जावेत असे त्यात आहे. त्यांचे म्हातारे सांभाळायला, त्यांचे कारखाने चालवायला माणसे हवी आहेत. मुलांना चांगला पगार मिळेल, शिस्त शिकतील, माझा विरोध नाही. पण रत्नागिरीच्या औषध दुकानांच्या दर्शनी फळीवर वृद्धांचे डायपर आता मला दिसतात, पेपरात ‘आजींसाठी चोवीस तास बाई पाहिजे’ अशी जाहिरात रोज असते, आणि जेवणाचा डबा देणाऱ्या शेजारच्या काकूंची गिऱ्हाइके बहुतेक सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांची मुले कुठे आहेत, हे काकू विचारत नाहीत. डबा परत आला नाही तर मात्र त्या स्वतः दार वाजवायला जातात.

अलीकडे काही मुख्यमंत्री अधिक मुलांचे आवाहन करतात, आपल्या व्यासपीठांवरूनही तीन अपत्यांचा आग्रह ऐकू येतो. चिंता रास्त आहे. पण आवाहन करणाऱ्याने त्याच सभेत हेही सांगावे, की तिसऱ्या मुलाची शाळा किती मैलांवर असेल, सुनेची नोकरी कोण राखील, आणि घरातले पुरुष कोणत्या कामाला हात लावतील. दोन तास भाषण ऐकून घरी आलेल्या कार्यकर्त्याने स्वतःचे ताट तरी उचलावे.

हे लिहिण्याचा अधिकार मला किती, हा प्रश्न वाचक विचारतील. माझा मुलगा एकुलता एक, पुण्याला संगणकाच्या नोकरीत, वय ३१, अविवाहित. दुसरे मूल नको हा आमचा निर्णय होता. तेव्हा तो शहाणपणाचा वाटला आणि सर्वांनी कौतुकच केले. वाडीतल्या आमच्या घराच्या सातबाऱ्यावर १७ नावे आहेत. या चैत्रात मी वारस तपासासाठी तलाठी कार्यालयात अर्ज दिला आहे. सतरापैकी अकरा चुलतभावंडांचे पत्ते मिळाले; उरलेल्या सहांचा शोध गणपतीत, जेव्हा घरे उघडतील तेव्हा, घ्यायचा आहे.