परवाने राहू द्या, अहवाल काढा

मा. डॉ. मोहन यादव,
मुख्यमंत्री व गृहमंत्री, मध्य प्रदेश

इंग्रजांच्या पोलिसांशी बंदूक घेऊन भिडलेल्या टंट्या मामांचं नाव आपल्या पक्षाच्या सरकारनं इंदूरच्या भंवरकुआँ चौकाला दिलं. छान झालं. 15 मार्च 2023 ला त्याच मामांच्या मुलुखात, महूजवळच्या डोंगरगाव चौकीसमोर, एका आदिवासी तरुणीच्या मृत्यूचा जाब विचारायला लोक जमले. दगडफेक झाली, पोलिसांनी गोळी झाडली आणि एक आदिवासी तरुण गेला. दंडाधिकारी चौकशी तेवढी तत्परतेनं जाहीर झाली.

तेव्हापासून आदिवासी पोरं उघड बोलतात, आपल्याकडेही हत्यार पाहिजे. त्यांना वेड्यात काढू नका, आपलाच कायदा तसं म्हणतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांत, तिसऱ्या नियमात, गरज पडल्यास दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यावेत असं लिहिलंय. आदिवासींवरील गुन्हे राज्यात 2020 साली 2,401, 2021 साली 2,627, 2022 साली 2,979. यापेक्षा जास्त गरज कशी असते?

तरी मी त्या पोरांच्या बाजूनं नाही. परवान्याची बंदूक फार तर गावातल्या दबंगाला दोन पावलं मागे सारेल. समोर वर्दी असली की ती कुचकामी. सद्भावनेनं वागणाऱ्या सरकारी नोकराविरुद्ध, जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल तर, स्वसंरक्षणाचा हक्कच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 37 वाचा. ती भीती खरी होती हे सिद्ध करायला माणूस जिवंत उरायला हवा, आणि पोलिसांकडे माणसंही जास्त, काडतुसंही जास्त. अकरा-बारा वर्षं इंग्रजांना झुलवलेले टंट्या मामाही शेवटी 4 डिसेंबर 1889 ला जबलपुरात फासावर गेलेच.

पण पोरांना मी सांगू काय? कायद्यावर विश्वास ठेवा? कुठल्या? देवास जिल्ह्यात मेहंदीखेडा, 2 एप्रिल 2001: पोलिसांच्या गोळीनं चार आदिवासी ठार. मंदसौर, 6 जून 2017: पाच शेतकरी ठार. ते आदिवासी नव्हते, गोळी मात्र तीच. मंदसौरच्या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या जैन आयोगानं जून 2018 मध्ये अहवाल दिला. चौकशी आयोग कायदा, 1952, कलम 3(4) म्हणतं, सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवा. तो मांडला जावा म्हणून माजी आमदार पारस सकलेचांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. एवढं काय आहे हो त्यात? गुना जिल्ह्यात जुलै 2024 मध्ये लग्नाच्या दिवशी उचललेला पारधी नवरदेव कोठडीत मेला. आपल्या पोलिसांनी तपास इतका उत्तम केला, की मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो काढून सीबीआयकडे दिला! गृहखातं आपल्याकडेच आहे ना, साहेब? पोरांच्या डोक्यात बंदूक कुणी भरवली याचा शोध घ्यायला गुप्तचर कशाला हवेत?

येत्या अधिवेशनात मंदसौरचा अहवाल पटलावर ठेवा. आणि डोंगरगावला गोळीचा हुकूम कुणी दिला, आधी इशारा दिला होता का, नेम कुठे धरला होता, हे साध्या हिंदीत छापून त्या चौकीच्याच भिंतीवर लावा.

इंदूरचा एक मराठी रहिवासी