गाजर गवत उपटा, पण उघड्या हातांनी नको

पहिले दोन-तीन पाऊस झाले की सोलापुरात परसबागेत, कुंपणालगत आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजराच्या पाल्यासारखी रोपे डोके वर काढतात. हेच गाजर गवत. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. मूळचे अमेरिकेतले हे तण भारतात १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशी गव्हातून त्याचे बी आले, असे मानले जाते.

घरोघरी ते उपटले जाते, पण कसे? बागेचा मालक सावलीत उभा राहतो आणि रोजंदारीवर आलेली बाई उघड्या हातांनी उपटते. ‘इतकी वर्षे उपटतोय, काही झालं नाही’ असे दोघेही म्हणतात. खरा धोका इथेच आहे. या गवतातील पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी पहिल्याच स्पर्शाला होत नाही. वारंवार संपर्क आल्यावर, कधी काही वर्षांनी, ती जडते आणि मग सहसा पाठ सोडत नाही. पापण्या, मान आणि कोपराच्या लवणीत खाज सुटते, त्वचा लाल होते, चिरते, जाड होत जाते. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्यावर उडत असल्याने नुसते जवळून गेले तरी त्रास होतो. परागकणांमुळे शिंका आणि दम्याचा त्रासही होऊ शकतो. अनेक जण नायटा समजून दुकानातून मलम आणतात. त्यात स्टिरॉइड असेल तर तात्पुरते बरे वाटते, पण डॉक्टरांना न विचारता ते महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते.

उपाय साधा आहे. एका झाडाला हजारो बिया येतात आणि उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ते फुलते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर, काळी माती मऊ असताना, फुलोऱ्याआधीच ते मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडावर रुमाल हवाच. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. फुलाआधीच्या गवताचे कंपोस्ट होते. फुले आलेले मात्र खड्ड्यात टाकू नये, बी टिकून राहते. मोकळ्या जागी टाकळा पेरला तर तो गाजर गवताला वाढू देत नाही. ज्यांना ॲलर्जी झाली आहे, त्यांनी हे काम करूच नये. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली असल्याने त्यांचाही काहींना त्रास होतो.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. पण तोवर बरेचसे गवत फुललेले असते. गल्लीतल्या सगळ्यांनी, मोकळ्या प्लॉटच्या मालकांसह, जुलैतच एक रविवार ठरवावा. एकट्याची बाग स्वच्छ ठेवून शेजारचे बी थांबत नाही. आणि हे काम मजुरीने करून घेणाऱ्याने मजुरीबरोबर हातमोजेही द्यावेत. ते काही उपकार नव्हेत. हातमोज्यांचे वाचवलेले थोडे पैसे त्या बाईला पुढे खाजेत, औषधांत आणि बुडालेल्या रोजगारात कितीतरी पटींनी मोजावे लागतात.